म्यानमारसाठी विशेष दूत नेमा; पण नेमायचा तर असा

प्रति,
मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय स्थायी समितीचे सन्माननीय सदस्य

विषय : म्यानमारमधील यादवी आणि भारताचा पूर्णवेळ विशेष दूत

महोदय,

सादर नमस्कार.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने सत्ता बळकावली तेव्हापासून म्यानमार यादवीत आहे. डिसेंबर २०२५ ते जानेवारी २०२६ या काळात तिथे टप्प्याटप्प्याने निवडणूक उरकण्यात आली. जिथे लष्कराचा ताबा नाही तिथे मतदान झालेच नाही, आणि आपल्या सीमेला लागून असलेला बराचसा मुलूख नेमका त्यात मोडतो. चिन राज्यातले पलेत्वा जानेवारी २०२४ मध्ये आराकान आर्मी या राखाइनमधल्या सशस्त्र गटाने घेतले. त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत राखाइन राज्याच्या १७ तालुक्यांपैकी १४ तिच्याकडे गेले. मिझोरामच्या झोखावथर फाटकासमोरचे रिखावदार नोव्हेंबर २०२३ मध्ये म्यानमारमधल्या चिन जमातीच्या लढवय्यांनी जिंकले. एकंदर सीमा १६४३ किलोमीटरची. तिच्या पलीकडे आज ज्यांची सत्ता चालते, त्यांच्याशी अधिकृतपणे बोलू शकेल असा पूर्णवेळ माणूस दिल्लीकडे नाही.

हे काम यांगूनमधल्या राजदूतांकडून होणार नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. राजदूताची नेमणूक एका सरकारकडे असते. त्याने आराकान आर्मीच्या प्रतिनिधीशी उघड चर्चा केली, तर दुसऱ्याच दिवशी नेपिडो, म्हणजे म्यानमारच्या राजधानीतले सरकार, त्याला जाब विचारेल आणि तिसऱ्या दिवशी त्याची दारे बंद होतील. गुप्तचर यंत्रणांचे संपर्क असतात, पण त्यांना शब्द देण्याचा अधिकार नसतो. समोरच्यालाही ते ठाऊक असते. या दोहोंच्या मधल्या जागेसाठीच विशेष दूत हे पद असते.

मराठी वाचकाला म्यानमार म्हटले की रत्नागिरीचा थिबा राजवाडा आणि टिळकांचे मंडाले आठवते. आजचा संबंध त्याहून रोकडा आहे. २०२१ मध्ये आपण म्यानमारशी पाच वर्षांसाठी दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणण्याचा करार केला. लातूर-अकोल्याच्या डाळ गिरण्या आणि तिथला तूर उत्पादक या दोघांचेही त्या जहाजांकडे लक्ष असते. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या थायलंड सीमेवरच्या म्यावड्डी भागातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेले ५४९ भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून परत आणावे लागले. पण हे पत्र दूत का हवा एवढे सांगण्यासाठी नाही. दूत नेमणे सोपे आहे, त्याला एक प्रसिद्धीपत्रक पुरते. तो कशामुळे निकामी होतो, हे आमचे मुख्य म्हणणे आहे, आणि त्याची उदाहरणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

जुलै १९८३ च्या कोलंबोतील हत्याकांडानंतर इंदिरा गांधींनी जी. पार्थसारथी यांना श्रीलंकेसाठी विशेष दूत नेमले. त्यांनी राष्ट्राध्यक्ष जयवर्धने आणि तमिळ नेते यांच्याशी बोलून वर्षअखेरीस प्रादेशिक परिषदांचा मसुदा उभा केला. तो 'अॅनेक्सर सी' या नावाने ओळखला जातो. मसुदा चांगला होता. पण त्याच काळात भारताच्याच यंत्रणा तमिळ गटांना शस्त्रे आणि प्रशिक्षण देत होत्या. कोलंबोला ते माहीत होते आणि गटांनाही. मग दूताच्या कागदाला दोन्हीकडून किंमत राहिली नाही. पुढे राजीव गांधींच्या काळात सूत्रे रोमेश भंडारींकडे गेली, १९८५ मध्ये थिंफूची बोलणी झाली आणि फिसकटली. २९ जुलै १९८७ चा करार दोन सरकारांत झाला, लढणारी एलटीटीई त्यावर सही करणारी नव्हतीच. त्या कराराची अंमलबजावणी करायला गेलेल्या शांतिसेनेचे हजाराहून अधिक जवान मारले गेले.

एप्रिल २००६ मध्ये नेपाळ पेटले असताना डॉ. करण सिंह यांना काठमांडूला पाठवले. नेपाळच्या राणा घराण्याशी त्यांचे सोयरीकसंबंध होते. राजाशी बोलायला ते सोयीचे होते, रस्त्यावरच्या जनतेच्या लेखी तोच त्यांचा उणेपणा होता. २१ एप्रिलला राजे ज्ञानेंद्र यांनी सात पक्षांना पंतप्रधान सुचवायला सांगितले, दिल्लीने घाईने स्वागत केले, पक्षांनी ते धुडकावले. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र सचिव श्याम सरन यांना सारवासारव करावी लागली. २४ एप्रिलला राजाने संसद पुन्हा बोलावली, तेव्हा कुठे पेच सुटला. दूताने कोणाला भेटायचे आणि त्याच्या भेटीनंतर दिल्लीने किती तास गप्प बसायचे, हे आधी ठरले असते तर ही नामुष्की टळली असती.

तिसरे उदाहरण आपल्याला स्वतःला ठाऊक आहे. नेपाळच्या घटना परिषदेने १६ सप्टेंबर २०१५ ला राज्यघटना मंजूर केली, २० तारखेला ती लागू व्हायची होती, आणि परराष्ट्र सचिव या नात्याने आपण पंतप्रधानांचे विशेष दूत म्हणून १८ तारखेला काठमांडूत उतरलात. तराईतल्या मधेसी लोकांचा असंतोष त्याआधी महिनोन्‌महिने धुमसत होता. हा 'बैल गेला अन् झोपा केला' असा प्रकार होता. दोष वैयक्तिक नव्हता. पूर्णवेळ दूत नसेल, तर सचिव दर्जाचा माणूस संकट दाराशी आल्यावरच मोकळा होतो.

आता म्यानमारमध्ये इतरांनी काय केले ते पाहा. आसिआनने २४ एप्रिल २०२१ ला पाच कलमी सहमती केली. दूत नेमायला ४ ऑगस्ट उजाडला. ब्रुनेईचे एरिवान युसुफ यांना आंग सान सू ची यांना भेटू दिले नाही, म्हणून ते गेले नाहीत. पुढे दर वर्षी अध्यक्षपद बदलले तसा दूतही बदलला: ब्रुनेईनंतर कंबोडिया, इंडोनेशिया, लाओस, मलेशिया. दर जानेवारीला नवा माणूस, नव्या ओळखी, नवी फाइल. नेपिडोच्या सेनापतींनी एवढेच करायचे होते की डिसेंबरची वाट पाहायची. संयुक्त राष्ट्रांच्या दूत नोएलीन हेझर यांचा कार्यकाळ जून २०२३ मध्ये संपला, ज्युली बिशप यांची नेमणूक एप्रिल २०२४ मध्ये झाली. या मधल्या काळातच, २७ ऑक्टोबर २०२३ ला, तीन सशस्त्र गटांच्या आघाडीने युद्धाचा नकाशा पालटवणारी मोहीम सुरू केली आणि खुर्ची रिकामी होती. जपानचे विशेष दूत योहेई सासाकावा मात्र २०१३ पासून त्याच कामावर होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये लष्कर आणि आराकान आर्मी यांच्यातली लढाई थांबली त्यात त्यांचा वाटा होता. ती शांतता वर्षभर टिकली. कागद कच्चा होता, पण ओळखी पक्क्या होत्या.

चीनचे विशेष दूत देंग शिजुन यांच्या पाठीशी वेगळेच बळ आहे. युनानची फाटके, वीज, इंटरनेट आणि औषधे यांवर चीनचा हात आहे. चीन सीमेवरच्या एमएनडीएए या सशस्त्र गटाने ऑगस्ट २०२४ मध्ये जिंकलेले लाशिओ शहर एप्रिल २०२५ मध्ये चिनी निरीक्षकांच्या देखरेखीखाली लष्कराला परत दिले, ते काही कोणाच्या वक्तृत्वामुळे नव्हे. आपण ही दांडगाई करावी असे आम्ही म्हणत नाही. पण आडात नसेल तर पोहऱ्यात येत नाही. दूताच्या हातात द्यायला काहीच नसेल तर तो चहा पिऊन परत येतो.

आपल्याकडे द्यायला आहे. चिन आणि राखाइनच्या उत्तर भागात तांदूळ, इंधन, औषधे मिझोराममधून जातात. मिझोरामने ३० हजारांहून अधिक निर्वासितांना आसरा दिला आहे. राखाइनच्या सित्तवे बंदरातून मिझोरामपर्यंत वाट काढणाऱ्या भारताच्या कलादान प्रकल्पातला पलेत्वा ते झोरिनपुई हा १०९ किलोमीटरचा रस्ता आराकान आर्मीच्या संमतीविना पुरा होणार नाही, आणि तो झाला तर तिच्या मुलखालाही बाजारपेठ मिळेल. मार्च २०२५ च्या भूकंपानंतर मंडालेत आपल्या सैन्याने उभारलेले रुग्णालय लोकांच्या लक्षात आहे. अडचण अशी की हे सारे वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेले आहे. फाटक गृह मंत्रालयाकडे, रस्ता परराष्ट्र मंत्रालयाकडे, डाळ वाणिज्य आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाकडे, निर्वासित राज्य सरकारकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिझोरामचे राज्यसभा खासदार स्वतःच पलीकडे जाऊन आराकान आर्मीला भेटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन चिन संघटनांनी एकत्र येण्याचा करार केला तो ऐझॉलला, मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत. ज्यांना गरज भासली त्यांनी आपापल्या परीने केले. याला धोरण म्हणत नाहीत.

आमची मागणी अशी.

पंतप्रधानांच्या सहीचे दोन पानी अधिकारपत्र द्यावे. एक पान जाहीर, दुसरे गोपनीय. जाहीर पानावर हेतू आणि मुदत: तीन वर्षे, मध्ये फक्त लेखी कारणाने बदल. गोपनीय पानावर दूताने कोणाकोणाला भेटायचे त्यांची नावानिशी यादी, तो कोणाला उत्तरदायी, आणि दिल्लीला न विचारता तो काय देऊ शकतो हे. शेवटचा मुद्दा नेहमी गाळला जातो आणि तिथेच दूताचा निरोप्या होतो. आमच्या मते तीन गोष्टी त्याच्या अखत्यारीत हव्यात: ठरावीक फाटकांची वेळ वाढवणे, ठरावीक वजनापर्यंत औषधे-धान्य सोडणे आणि जखमींना उपचारांसाठी आत घेणे.

दर्जा राज्यमंत्र्याचा असावा. मानमरातबासाठी नव्हे, तर गृहसचिवांनी आणि चार सीमावर्ती मुख्यमंत्र्यांनी त्याचा फोन उचलावा म्हणून. ज्याच्याकडे दुसरे पद आहे असा माणूस नको. निवृत्तीनंतरची सोय म्हणूनही हे पद वापरू नये. चंफाईहून झोखावथरचा रस्ता पावसाळ्यात पार करू शकणारा कोणीतरी हवा.

कार्यालय नऊ-दहा जणांचे पुरे. उपप्रमुख म्हणून संचालक दर्जाचा अधिकारी. नकाशा वाचणारा, तोफ आणि मॉर्टरच्या पल्ल्याचा हिशेब सांगणारा कर्नल. मानवतावादी मदतीची वाहतूक जाणणारा एक, कायद्याचा एक, अभिलेख सांभाळणारा एक. आणि दुभाषे चार: बर्मी, राखाइन, मिझो-लाई आणि जिंगपो. यातला काटकसरीचा मोह दुभाष्यांवर पडतो, आणि मग समोरच्या गटाचाच माणूस दुभाषा होतो. दिल्लीत मुख्य जागा, ऐझॉलला उपकार्यालय, बँकॉकच्या दूतावासात एक खोली, कारण म्यानमारचे बहुतेक प्रतिरोधी गट थायलंडमध्येच भेटतात.

प्रत्येक बैठकीला दोन टिपणकार असावेत. इतिवृत्त २४ तासांत तयार व्हावे, क्रमांक पडावा. नेपिडोच्या प्रत्येक भेटीत राजदूत शेजारी बसलेले असावेत. इतर गटांच्या भेटीत ते नसावेत, पण भेटीआधी त्यांना कळवले पाहिजे आणि नंतर प्रत मिळाली पाहिजे. दूत आणि राजदूत यांची धुसफूस हा या पदाचा सर्वांत जुना रोग आहे. यजमान सरकार ती आठवड्याभरात हेरते आणि मग दोघांना दोन वेगळ्या गोष्टी सांगते.

गृह मंत्रालयाचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सीमेलगतच्या रहिवाशांना व्हिसाविना ये-जा करू देणारी मुक्त संचार व्यवस्था बंद करण्याची आणि संपूर्ण सीमेवर कुंपण घालण्याची घोषणा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस १६ ऐवजी १० किलोमीटरपर्यंत परवान्याने ये-जा अशी नवी पद्धत आली. या निर्णयांच्या बऱ्या-वाईटात आम्ही इथे शिरत नाही. पण दूताने मंगळवारी फाटकाचा शब्द द्यावा आणि बुधवारी आसाम रायफल्सला वेगळाच आदेश यावा, असे एकदा जरी झाले तरी पद संपले. म्हणून फाटकाविषयीचा कोणताही आदेश, तातडीचा सुरक्षेचा प्रसंग वगळता, दूताच्या कार्यालयाला ४८ तास आधी कळवण्याचे बंधन हवे. गृह, संरक्षण, वाणिज्य आणि मिझोराम-मणिपूरचे मुख्य सचिव यांची पंधरवड्याला एक बैठक दूताच्या अध्यक्षतेखाली व्हावी.

पहिल्याच दिवशी 'आमचे बंडखोर ताब्यात द्या' ही मागणी पुढे करू नये. म्यानमारच्या सागाइंग प्रांतातले भारतविरोधी गट ही खरी चिंता आहे, पण तिच्यासाठी वेगळी वाट ठेवावी. दोन्ही एकाच माणसाकडे दिले, तर पलीकडच्यांना तो मध्यस्थ न वाटता फौजदार वाटतो.

आणि शस्त्रांचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांच्या मे २०२३ च्या अहवालात २०२१ च्या लष्करी सत्ताबदलानंतर भारतातून म्यानमारच्या लष्कराला ५.१ कोटी डॉलरची शस्त्रे आणि संबंधित सामग्री गेल्याची नोंद आहे. १९८३ मध्ये आपण मध्यस्थी करताना बंडखोरांना हत्यारे देत होतो, आता उलट बाजूला. दूत नेमायच्या दिवसापासून हा पुरवठा थांबला पाहिजे. तसे करायची तयारी नसेल तर दूत नेमू नये, असेच आमचे स्पष्ट मत आहे.

सुरुवात संपूर्ण देशाच्या शांतता कराराने करू नये. १५ ऑक्टोबर २०१५ चा देशव्यापी युद्धविराम आपल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्या साक्षीने झाला. त्यावर आठच गटांनी सह्या केल्या, सर्वांत बलाढ्य गट बाहेर राहिले. त्याच्या केंद्रीय देखरेख समितीत २६ सदस्य होते: १० लष्कराचे, १० सशस्त्र गटांचे, ६ नागरी, आणि अध्यक्ष लष्कराचाच. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तोच न्यायासनावर बसलेला.

याउलट सुदानकडे पाहावे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेने जॉन डॅनफर्थ यांना दूत नेमले, तेव्हा त्यांनी सरकार आणि दक्षिणेतले बंडखोर या दोन्ही बाजूंपुढे चार छोट्या कसोट्या ठेवल्या. त्यांतली एक नुबा डोंगराळ भागातला युद्धविराम. जानेवारी २००२ मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये झाला, सुरुवातीला फक्त सहा महिन्यांचा, आणि देखरेखीचे प्रमुखपद नॉर्वेच्या लष्करी अधिकाऱ्याकडे. तो पाळला गेला, वाढवत नेला गेला, आणि त्यातून आलेल्या विश्वासावर केनियाचे मध्यस्थ जनरल सुंबेयवो यांनी जुलै २००२ मध्ये माचाकोसचा शांतता मसुदा घडवला. जानेवारी २००५ मध्ये उत्तर-दक्षिण करार झाला. मात्र त्या टेबलावर दारफुर नव्हते, आणि २००३ मध्ये तिथे नवे युद्ध पेटले. राखाइनमध्ये रोहिंग्यांना वगळून केलेल्या समझोत्याचे तेच होईल. बांगलादेशात १० लाखांहून अधिक रोहिंग्या निर्वासित आहेत, ढाक्याला विश्वासात घेतल्याशिवाय तिथे काहीही टिकणार नाही. उत्तर आयर्लंडमध्येही जॉर्ज मिचेल १९९५ मध्ये आले ते आर्थिक सल्लागार म्हणून. सगळ्या बाजूंशी ओळख झाल्यावर, १९९६ च्या जूनमध्ये, ते राजकीय बोलण्यांच्या अध्यक्षस्थानी बसले. १० एप्रिल १९९८ चा करार त्यानंतरचा.

म्हणून पहिला प्रयत्न कलादान नदीच्या पट्ट्यापुरता, सहा महिन्यांच्या विरामाचा असावा. मसुदा चार-पाच पानांचा, पण काटेकोर. सोबत १:५०,००० प्रमाणाचा नकाशा, प्रत्येक ठाण्याचे अक्षांश-रेखांश. विराम सुरू होण्याची वेळ लिहिताना कोणते घड्याळ तेही लिहावे, म्यानमार आपल्यापेक्षा एक तास पुढे आहे आणि पहिल्या तासातली एक गोळीही विराम मोडायला पुरते. हवाई हल्ले, ड्रोन आणि पॅरामोटर (इंजिन लावलेल्या हवाई छत्र्या) यांचा नावाने उल्लेख हवा. नुसते 'शत्रुत्वाची कृत्ये' लिहिले की वैमानिक मोकळा सुटतो. वेढ्यातल्या ठाण्यांना हेलिकॉप्टरने काय पोचवता येईल याची यादी करावी: अन्न, औषध, जखमींची ने-आण चालेल, दारूगोळा आणि नवी कुमक नाही. अशा विरामांत पहिले भांडण बहुधा याच मुद्द्यावर होते. दोन्ही बाजूंच्या स्थानिक कमांडरांचा दिवसातून दोनदा फोन, बोलण्यासारखे काही नसले तरी. मोडल्याच्या तक्रारीवर ७२ तासांत पाहणी, आणि पाहणीचा प्रमुख कोणत्याही पक्षाचा नको. भारताचाही नको, कारण रस्ता आपला आहे.

दूताचा पहिला दौरा ऐझॉल आणि इंफाळचा असावा, दुसरा बँकॉकचा, तिसरा ढाक्याचा आणि मग नेपिडोचा. पहिल्या ९० दिवसांत एकही पत्रकार परिषद नको, बैठकीचे छायाचित्रही नको. बीजिंग, टोकियो, आसिआन आणि संयुक्त राष्ट्रांच्या दूतांशी महिन्याला एक बोलणे ठरलेले असावे. नाहीतर म्हणीतल्या भाराभर चिंध्यांत आपली एक भर पडेल, आणि प्रत्येक गट आपल्याला सोयीचा मध्यस्थ निवडत हिंडेल.

शेवटची बाब बाहेर पडण्याची. कोफी अन्नान यांची सीरियासाठी नेमणूक २३ फेब्रुवारी २०१२ ला झाली. सहा कलमे झाली, ३०० निरीक्षकांची मोहीम झाली, सुरक्षा परिषद मात्र दुभंगलेलीच राहिली. २ ऑगस्टला त्यांनी राजीनामा जाहीर केला. तो प्रामाणिकपणा होता. त्यांच्यानंतरच्या दूतांनी वर्षानुवर्षे खुर्ची राखली आणि युद्ध चालूच राहिले. आपल्या अधिकारपत्रात दूत केव्हा काम थांबवेल हे आधीच लिहिलेले असावे: सलग सहा महिने दोन्ही मुख्य बाजूंनी भेट नाकारली तर, त्याने दिलेला शब्द दिल्लीने दोनदा मोडला तर, किंवा भारताकडून एखाद्या बाजूला शस्त्रे गेली तर. अशा वेळी पद रिकामे ठेवावे, कार्यालय मात्र चालू ठेवावे. क्रमांक घातलेली इतिवृत्ते, नकाशे आणि फोन क्रमांकांची वही उपप्रमुखाने जपून ठेवावी, पुढच्या दूताच्या हाती पहिल्याच सकाळी देता येईल अशी.

कळावे,

आपले नम्र,
म्यानमार आणि ईशान्य सीमेच्या प्रश्नांचे काही अभ्यासक